खेळातील नगरी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की डोलवीच्या अंगणाअंगणांतून दगडमातीचे ढीग दिसू लागतात. मुले किल्ले बांधावयास घेतात. जुने पोते चिखलात भिजवून दगडांवर पसरले, की डोंगर तयार होतो. त्यावर हळीव आणि मोहरी पेरली, की चार दिवसांत हिरवे रान उगवते. शिखरावर सिंहासन, सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे आणि तटावर तोफा, असा हा थाट महाराष्ट्रात सर्वत्र दिसतो. तुम्हीही तो कधी ना कधी मांडला असेलच. परंतु मुलांनो, किल्ला पुरा झाल्यावर आपला वेळ कोठे जातो, हे तुम्ही कधी न्याहाळून पाहिले आहे काय? महाराज एकदा सिंहासनावर बसले, की ते तेथेच राहतात. मुलांचे हात मात्र पायथ्याच्या गावात सारखे चाललेले असतात. विहीर खणायची, तिच्यावर रहाट बसवायचा, काड्यांचे कुंपण करायचे, बैलगाडी या घरापुढून त्या घरापुढे न्यायची, यातच सुट्टी संपते.

माझी नात बारा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत तिने अंगणात किल्ला केला, तेव्हा पायथ्याशी इतकी गर्दी झाली, की तोफेचा गाडा ठेवावयास जागाच उरली नाही. मी सहज म्हणालो, "अगं, हा कुंभार काढ ना तेथून. लढाईत त्याचे काय काम?"

तिने मान वर न करताच उत्तर दिले, "मग गडावर पाणी कशात भरणार, आजोबा?"

पस्तीस वर्षे शाळेत शिकवून मी निवृत्त झालो, पण या प्रश्नापुढे मला काही बोलता आले नाही. कुंभार जागेवर राहिला आणि तोफ तुळशीवृंदावनाकडे गेली.

हीच मुलगी सुट्टीच्या दिवशी तासभर संगणकापुढे बसते आणि एक खेळ खेळते. तो खेळ असा : खेळणाऱ्याने एक सोंग घ्यायचे. कोणी वैद्य होतो, कोणी धनुर्धर, कोणी लोहार. हे सोंग घेऊन पडद्यावरच्या एका कल्पित देशात हिंडावयाचे. तेथे जंगले असतात, राक्षस असतात, गुहांत दडलेली धने असतात आणि नगरेही असतात. या खेळाचे वैशिष्ट्य असे, की त्या देशात आपण एकटे नसतो. दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यात, कदाचित दुसऱ्या खंडात बसलेली माणसे त्याच वेळी तेथे आपापले सोंग घेऊन वावरत असतात आणि आपल्याला भेटतात. नाटकातल्या नटांप्रमाणेच हे सारे, परंतु प्रेक्षक कोणीच नाही आणि पडदा कधी पडत नाही.

मला हा खेळ पसंत नव्हता. राक्षस मारण्यात मुलीचा वेळ वाया जातो, असे माझे मत होते आणि ते मी तिला रागाने ऐकवलेही होते. एके दिवशी मात्र मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. पाहतो तो काय, पाऊण तासात तिने एकही राक्षस मारला नाही! तिची वैदीण एका दगडी नगरात, पेढीच्या पायऱ्यांवर बसून राहिली. समोर चौक होता, त्यात कारंजे होते. लोक येत, पेढीत जात, लोहाराकडे तलवार दुरुस्तीस देत, कोणी उगाच उड्या मारी. थोड्या वेळाने एक धनुर्धारी मुलगी आली आणि तिच्याजवळ बसली. दोघींचे लिहून लिहून बोलणे सुरू झाले.

मी विचारले, "अगं, पण खेळ केव्हा सुरू होणार?"

"आजोबा, हाच तर खेळ आहे!"

ती धनुर्धारी मुलगी कोण, ते मला मागाहून कळले. आमच्या डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. त्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येतात, काही वर्षे राहतात आणि बदली झाली की जातात. नातीची जिवलग मैत्रीण अशीच वडिलांच्या बदलीमुळे कर्नाटकात गेली होती. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या त्या दोघी आता त्या पायऱ्यांवर बसत होत्या. मी माझे रागाचे शब्द मनातल्या मनात मागे घेतले. एक प्रश्न मात्र मला सुटेना. बोलायचेच होते, तर दूरध्वनी घरात होता. मग त्यांना पायऱ्या, चौक आणि कारंजे कशाला हवे होते? सारे एक नगरच कशाला हवे होते?

या प्रश्नाच्या मागे लागून मी बरेच वाचले, नातीलाही बरेच विचारले. त्यातून जे हाती आले, ते तुम्हाला सांगतो.

अशा खेळांचा आरंभ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो खेळ रचला. त्याचे नाव 'मड'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चिखल असा होतो; अर्थात ही केवळ आद्याक्षरांची गंमत होती. त्या खेळात चित्र म्हणून नव्हतेच. 'तू एका अरुंद वाटेवर उभा आहेस' अशा प्रकारचे वाक्य पडद्यावर उमटे आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेकडे जा' असे अक्षरांनीच सांगावयाचे. तरीही माणसे त्यात रंगून गेली. पुढे १९९६ साली याच बार्टल यांनी एक मोठा मार्मिक लेख लिहिला. खेळणारे चार जातींचे असतात, असे त्यांनी म्हटले आणि त्या जातींना पत्त्यांतील चार रंग दिले. संपत्ती आणि पराक्रम जोडणारे ते चौकट. नवे प्रदेश धुंडाळणारे ते इस्पिक. इंग्रजीत इस्पिकाच्या शब्दाचा दुसरा अर्थ फावडे असा आहे, आणि हे लोक सारखे खणत असतात. दुसऱ्यांशी बोलण्यासाठी येणारे ते बदाम, आणि दुसऱ्यांना झोडपण्यासाठी येणारे ते किलवर. तुमच्या वर्गातही हे चारही रंग असतील. जरा आठवून पाहा!

जंगल आणि गुहा हे चौकटीला आणि किलवरला पुरतात. बदामाला जंगलात काय करायचे आहे? त्याला चार माणसे लागतात, आणि चार माणसे हमखास भेटतील अशी जागा म्हणजेच नगर. पण येथे एक मौज आहे. जागा बांधली म्हणून माणसे येत नाहीत. ती कोणत्या तरी कामासाठी येतात, आणि काम करता करता थांबतात. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा खेळ निघाला. त्यात खेळणाऱ्याला शिंपी होता येई, सुतार होता येई, पाव भाजता येई, स्वतःचे घर विकत घेऊन त्यात राहता येई. त्या देशाच्या राजधानीचे नाव ब्रिटन. तेथे राजवाडा होता, मोठमोठ्या इमारती होत्या. परंतु लोकांची झुंबड कोठे उडे? पेढीपुढे! कारण आपला माल आणि मोहरा ठेवावयास व काढावयास प्रत्येकाला तेथे यावेच लागे. तेथेच खरेदीविक्री चाले, तेथेच ओळखी होत, आणि तेथेच खिसेकापूही फिरत.

आपल्याकडे निराळे काय घडते? आमच्या तालुक्याचे गाव पेण. तेथे देवळे आहेत, भोगावती नदी आहे. परंतु आसपासच्या खेड्यांतील माणसे एकमेकांना नदीच्या वाळवंटात भेटत नाहीत. ती एस.टी. स्थानकावर भेटतात, पोहे-पापडाच्या दुकानात भेटतात, आणि भाजीबाजारात कोणी कोणाचा हात धरून 'काय रे, पोराचे लग्न ठरले म्हणे!' असे विचारतो.

याहूनही नवल वाटावे अशी गोष्ट 'एव्हरक्वेस्ट' या खेळात घडली. हा खेळ १९९९ साली सुरू झाला. खेळ रचणाऱ्यांनी त्यात सुंदर नगरे बांधली, नगरांत दुकाने मांडली. पण खेळणाऱ्यांनी एकमेकांशी देवघेव कोठे करावी, याची सोय त्यांनी केली नव्हती. तेव्हा लोकांनी आपली जागा आपणच शोधली. फ्रीपोर्ट नावाच्या बंदराबाहेर माळरान होते आणि त्या माळरानावर डोंगरातून जाणारा एक बोगदा होता. साधा, अंधारा बोगदा. तेथे माणसे भिंतीला टेकून बसू लागली आणि मोठ्याने आपल्या मालाचा पुकारा करू लागली. 'चिलखत घ्या, चिलखत!' 'ढाल हवी आहे, कोणी देता का?' घासाघीस होई, फसवाफसवी होई, ओळखीच्या माणसाला दोन मोहरा कमी पडल्या तर सूटही मिळे. ना कोणी पाटी लावली, ना कोणी हुकूम काढला. आणि तरीही त्या खेळातील खेळणाऱ्यांचा सर्वांत गजबजलेला बाजार त्या बोगद्यात भरू लागला. आपल्याकडे आठवड्याचा बाजार एखाद्या वडाखाली भरतो. तोही असाच भरू लागला असेल.

पुढे २००१ च्या अखेरीस खेळ रचणाऱ्यांनी लोकांची अडचण ओळखून मोठा व्यवस्थित बाजार बांधून दिला. तेथे आपले सोंग नुसते उभे करून ठेवले आणि मालाच्या किमती लिहून दिल्या, की विक्री आपोआप होई. ओरडण्याचे श्रम वाचले, घासाघीस संपली. बाजार भरला, तो मुक्या माणसांनी भरला. बोगदा ओस पडला. ही हानी इतकी जाणवली, की २००९ साली काही हौशी लोकांनी तो जुना खेळ जुन्या रूपात पुन्हा उभा केला, तेव्हा तेथे तो बोगदा पुन्हा पहिल्यासारखा गजबजला. आरडाओरडीची पुन्हा हौस! मला हे वाचून हसू आले, आणि थोडे भरूनही आले.

भरून येण्याचे कारण सांगतो. त्यासाठी मला तुम्हाला आमच्या खाडीवर न्यावे लागेल.

डोलवीच्या पश्चिमेस अंबा नदी समुद्राकडे जाता जाता रुंद होते. तीच धरमतरची खाडी. नदी वा खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीला आणि त्या जागेला जुन्या मराठीत 'तर' म्हणत; धरमतर या नावात तो शब्द अजून दडून बसला आहे. आज वडखळहून अलिबागकडे जाताना मोटार पुलावरून जाते आणि खाडी केव्हा ओलांडली, हे प्रवाशाला कळतही नाही. पूल होण्यापूर्वी असे नव्हते. मुंबईहून येणारी आगबोट धरमतरला लागे, आणि अलीकडून पलीकडे जाणाऱ्याला तरीची वाट पाहावी लागे. माझे वडील त्या काळच्या गोष्टी सांगत. कधी ओहोटीने पाणी उतरलेले असे, कधी होडी पलीकडे गेलेली असे. मग तासन् तास काठावर बसणे आले. मिठागरावरचे आगरी, माशांच्या पाट्या घेतलेल्या कोळणी, मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला कामगार, कोर्टाच्या कामाला अलिबागला निघालेला खोत, सासरी चाललेली मुलगी आणि तिचा मुराळी, सारी एकाच धक्क्यावर बसत. शिदोऱ्या सुटत, तंबाखूची देवघेव होई. कोणाच्या गावी पाऊस किती झाला, भाताला भाव काय आला, मुंबईत संप मिटला की नाही, हे सारे तेथे कळे. 'त्या धक्क्यावर मी वर्तमानपत्र वाचावयास शिकलो,' असे वडील म्हणत. कारण एकाजवळ ते असे आणि तो इतरांना वाचून दाखवी.

आता 'एव्हरक्वेस्ट'मधील फ्रीपोर्टच्या धक्क्याची गोष्ट ऐका. त्या देशात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्यास जहाज होते. ते आपल्या वेळेने येई. चुकले, तर पुन्हा येईपर्यंत धक्क्यावर थांबणे भाग पडे. घरात बसून खेळणारी माणसे, खरोखरीची मिनिटे मोजत, चित्रातल्या जहाजाची वाट पाहत असत! आणि वाट पाहताना करणार काय? शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोलत. तू कोठून आलास, पलीकडे काय आहे, वाटेत धोका आहे काय? त्या धक्क्यावर जमलेल्या टोळ्या पुढे वर्षानुवर्षे एकत्र खेळल्या. २००२ साली त्या खेळात जादूची पुस्तके आली. पुस्तकाला हात लावला, की माणूस एका मध्यवर्ती नगरात जाई आणि तेथल्या दुसऱ्या पुस्तकाला हात लावून वाटेल त्या प्रदेशात निघून जाई. जहाजे रिकामी फिरू लागली. धक्क्यावर कोणी थांबेना.

मी हे नातीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पूल बांधूच नये का, आजोबा?"

तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आमच्या घरातच होते. माझी आत्या खाडीपलीकडे पोयनाडच्या बाजूला दिलेली होती. एका पावसाळ्यात तिला ताप भरला. तिला मुंबईला न्यावयाचे ठरले. रात्रीची वेळ, वारा सुटलेला, पाणी उतरलेले. होडी निघू शकली नाही. सकाळी भरती आली, तेव्हा तिला नेण्याची गरज उरली नव्हती. ज्या धक्क्यावर वडील वर्तमानपत्र वाचावयास शिकले, त्याच धक्क्याने त्यांची बहीण नेली. पूल झाला, त्या दिवशी माझी आजी पुलावरून चालत पलीकडे गेली आणि तशीच चालत परत आली. काही बोलली नाही, असे वडील सांगत.

हे ऐकून नात बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण खेळात कोणाला ताप येत नाही."

येथे मात्र ती चुकली होती. खेळातही एकदा साथ आली होती! 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली निघाला आणि लाखो लोक तो खेळू लागले. २००५ च्या सप्टेंबर महिन्यात त्यात एका सर्पदैवताशी लढण्याचा प्रसंग घातला गेला. ते दैवत लढताना शत्रूला रक्ताचा एक रोग लावी. तो रोग त्या रणभूमीपुरताच राहावा, अशी योजना होती. परंतु योद्ध्यांबरोबर पाळीव प्राणी असत, त्यांना तो रोग जडे, आणि हे प्राणी नगरात परत आले, की रोग नगरात पसरे. मोठ्या योद्ध्यांना तो सोसे. नवख्यांचा तो क्षणात जीव घेई. दुकानदारांना तो लागे, पण ते मरत नसत, आणि म्हणून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो देत राहत. नगरांच्या रस्त्यांवर सांगाड्यांचे खच पडले. मग जे झाले, ते पाहण्यासारखे होते. काही लोक नगर सोडून रानात पळाले. काही वैद्य मुद्दाम नगरात येऊन रोग्यांना जगवू लागले. काही केवळ कुतूहलाने पाहावयास आले आणि रोग घेऊन परतले. काही दुष्टांनी तो जाणूनबुजून पसरवला. अखेर खेळ चालविणाऱ्यांना सारे पूर्ववत करावे लागले. २००७ साली एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या दोन संशोधकांनी वैद्यकाच्या एका नियतकालिकात या घटनेवर लेख लिहिला. खऱ्या साथीत माणसे कशी वागतील, याचा अभ्यास अशा खेळांवरून करता येईल, असे त्यांनी दाखवले. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा जगाला त्या लेखाची आठवण झाली.

त्या खेळातील आयर्नफोर्ज ही नगरी पाहण्यासारखी आहे. ती डोंगराच्या पोटात कोरलेली आहे. मध्यभागी प्रचंड भट्टी, तिच्यात तापून लाल झालेला रस वाहतो, आणि भट्टीभोवती वर्तुळाकार रस्ते. आमच्या डोलवीच्या मुलांना तिचे फारसे नवल वाटणार नाही. रात्री कारखान्यावरचे आकाश तांबडे झालेले त्यांनी पाहिले आहे. आरंभी एका पक्षाच्या सर्व लोकांचे लिलावघर या एकाच नगरीत होते आणि पेढी त्याच्या अगदी जवळ होती. त्यामुळे वेशीपाशी पाऊल ठेवावयास जागा नसे. २००६ च्या आरंभी लिलावघरे सर्व राजधान्यांत उघडली आणि एकमेकांना जोडली गेली. गर्दी पांगली. एकाच वर्षात नगरी तीच, भट्टी तीच. नाहीसे झाले ते तेथे येण्याचे कारण.

परंतु काम आणि गर्दी एवढ्यानेच नगर सुखाचे होत नाही. वाट सापडली पाहिजे. अमेरिकेत केव्हिन लिंच नावाचे एक नगररचनाकार होऊन गेले. लोकांच्या मनात आपल्या शहराचे चित्र कसे असते, हे त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतील माणसांना विचारून, त्यांच्याकडून नकाशे काढवून पाहिले, आणि १९६० साली त्यावर पुस्तक लिहिले. माणूस शहर लक्षात ठेवतो, ते वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि ठळक खुणा यांच्या आधारे, असे त्यांना आढळले. जेथे या गोष्टी स्पष्ट नसतात, तेथे राहणारा माणूससुद्धा गोंधळतो. आजचे खेळ रचणारेही याच पुस्तकाचा आधार घेतात.

शाळेत असताना मी सातवीच्या वर्गाला एकदा असेच सांगितले होते : घरापासून पेणच्या एस.टी. स्थानकापर्यंतचा नकाशा आठवून काढा. बहुतेकांनी वडखळचा नाका पानाच्या मधोमध आणि भलामोठा काढला. योग्यच होते, गोव्याचा रस्ता आणि अलिबागचा रस्ता तेथे वेगळे होतात. कारखान्याच्या चिमण्या सर्वांनी काढल्या, खाडी ही कडा म्हणून काढली. एका मुलाने मात्र पेण गावात रस्त्यांच्या ऐवजी नुसते नाकांचे चित्र काढले होते. मी रागावणार होतो. तो म्हणाला, "गुरुजी, येथे ओल्या मातीचा वास येतो, येथे रंगाचा येतो, मग पापडाचा येतो आणि मग डिझेलचा आला की स्थानक." तो मूर्तीच्या कारखान्यात सुट्टीत काम करणारा मुलगा होता. त्याचा नकाशा मी भिंतीवर लावला.

वासाची सोय बहुतेक खेळांत नसते. पण त्या मुलाने जे दाखवले, ते खेळातील नगरालाही लागू आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तुम्ही कधी गेला आहात काय? उत्सवाच्या कितीतरी महिने आधी फळ्यांवर मूर्तींच्या ओळी लागलेल्या असतात. कोणी साच्यातून काढलेल्या मूर्तीचे सांधे पुसतो, कोणी पितांबर रंगवतो, आणि सर्वांत शेवटी, ज्याचा हात स्थिर तो कारागीर डोळे लिहितो. तेथे जाणारा पाहुणा काही विकत घेत नाही, त्याला कोणी विचारीतही नाही, आणि तरी तो तासभर उभा राहतो. चांगल्या नगरात पुष्कळसे असे असावे लागते, की ज्याचा आपल्याशी संबंध नाही. ज्या खेळात प्रत्येक दुकानदार केवळ आपल्यासाठी उभा असतो आणि प्रत्येक दारामागे आपल्यासाठीच काही ठेवलेले असते, ते नगर मला तरी नाटकातल्या पडद्यासारखे वाटते. बोट लावले की हलेल! नातीच्या नगरात एक म्हातारा दिवेलागणीला दिवे लावीत फिरतो. तो कोणाला काही देत नाही, कोणाचे काही घेत नाही. तिला तोच सर्वांत आवडतो.

आकाराविषयी मात्र मुलांची समजूत नेहमी उलटी असते. नगर जितके मोठे, तितके चांगले, असे त्यांना वाटते. खेळातील राजधानी बहुधा काही मिनिटांत पायी ओलांडता येते, आणि तरी ती राजधानीच वाटते. दिवाळीच्या किल्ल्यात शिपाई घरापेक्षा उंच असतो, बाटलीच्या झाकणाची विहीर होते. कोणाला खटकते काय? पुण्यातील काही तरुणांनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ रचला. त्यात राजस्थानातील वाडे, कमानी आणि गवाक्षे यांवरून कल्पिलेली स्थळे आहेत. तो एकट्याने खेळण्याचा खेळ आहे, त्यात बाजाराची गजबज नाही. पण आपल्या देशातील दगड आणि आपल्या गोष्टी घेऊन असे काही करता येते, हे त्याने दाखवले. पेणच्या कारखान्यांचे आणि धरमतरच्या धक्क्याचे नगर अजून कोणी रचलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात नातीच्या खेळात बदल झाला. पेढीचे काम कोठूनही करता येऊ लागले. नगरात येण्याची गरज उरली नाही. ती हिरमुसून माझ्याकडे आली. मी जाऊन पाहिले. कारंजे उडत होते. म्हातारा दिवे लावीत होता. चौकात कोणी नव्हते.

"आता काय करणार?" मी विचारले.

"आम्ही वेळ ठरवली आहे. रविवारी पाच वाजता, पायऱ्यांवरच."

"पण आता तेथे काही काम नाही ना?"

"नाही," ती म्हणाली, "पण तिला ती जागा माहीत आहे."

रविवारी पाचाला दहा मिनिटे कमी असताना ती जाऊन बसली. मी शेजारी खुर्ची घेतली. मैत्रीण वेळेवर आली. थोड्या वेळाने एक अनोळखी लोहार चौकातून चालला होता, तो थबकला आणि त्याने लिहिले, 'येथे काय चालले आहे?' नातीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने लिहिले, 'काही नाही. बसलो आहोत.' लोहार जरा घुटमळला, आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसला.

अभ्यास

१. 'मग गडावर पाणी कशात भरणार?' या प्रश्नापुढे लेखकाला काही बोलता का आले नाही?

२. बोगद्यातील बाजार आणि नंतर बांधून दिलेला बाजार यांत तुम्हाला कोणता अधिक आवडला असता? कारणे द्या.

३. धरमतरच्या पुलाविषयी लेखकाचे वडील आणि लेखकाची आजी यांच्या मनात काय आले असेल, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा आठवून काढा. मग तोच नकाशा केवळ वासांच्या किंवा आवाजांच्या आधारे काढून पाहा.

५. तुमच्या गावात माणसे कोणत्या जागी, कोणत्या कामासाठी थांबतात? पूर्वी थांबत आणि आता थांबत नाहीत, अशी एखादी जागा घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि तिची माहिती वर्गात सांगा.